टाकीत हे काय उगवले?

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही विज्ञानाच्या वर्गात काचेची एक टाकी मांडली. साठेक लिटर पाणी मावेल एवढी. तळाशी नदीची धुतलेली वाळू, शाळेच्या बोअरचे पाणी, धाम नदीतून आणलेली हायड्रिला, गावतळ्यातली व्हॅलिस्नेरिया आणि आठ-दहा गप्पी मासे. सजावट म्हणून तळ्यातच पडलेली बाभळीची एक वाळकी फांदीही मुलांनी आत ठेवली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे टाकी सुरू झाली ती जुलैत. पहिले तीन महिने छान गेले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला आणि मुलांचे चेहरे उतरले. व्हॅलिस्नेरियाची नवी पाने फिकट पिवळी पडली होती. जुन्या पानांच्या कडांना काळसर केसांचे झुपके फुटले होते. काचेवर हिरवा थर चढला होता. आणि त्या बाभळीच्या फांदीवर बोटभर जाडीचे, राखाडी-हिरवट, खडबडीत असे काहीतरी वाढले होते. बाहेर काढले तर त्याला उग्र वास येत होता.

"सर, हे झाड आहे का?" एका मुलीने विचारले. दुसरा म्हणाला, "बुरशी आहे." शाळेचे मामा म्हणाले, "सगळं ओतून द्या, मी चुन्यानं टाकी घासून देतो." खरे सांगायचे तर आम्हालाही तेच सोपे वाटत होते, कारण मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत नव्हते. पण टाकी घासली असती तर प्रश्नही वाहून गेला असता. म्हणून आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो. तेव्हा लक्षात आले की पाण्याच्या भांड्यात उगवलेल्या अनोळखी वस्तूने आम्हालाच कोड्यात टाकलेले नाही. जीवशास्त्रातले काही मोठे शोध याच कोड्यातून निघाले आहेत.

एका शिकवणीच्या मास्तरांची बरणी

१७४० साली हॉलंडमध्ये हेग शहराजवळ अब्राहम त्रांब्ले नावाचा तरुण एका उमरावाच्या दोन लहान मुलांना शिकवत असे. मुलांना सोबत घेऊन तो डबक्यांतले पाणी व पाणवनस्पती बरण्यांत आणून ठेवी. एका बरणीत त्याला वनस्पतींना चिकटलेले बारीक हिरवे देठ दिसले. टोकाला धाग्यांसारखे फाटे होते. रंग हिरवा, आकार रोपासारखा. त्याने ती वनस्पती मानली.

पण ते फाटे हलत होते. पाणी ढवळले की देठ आखडून घेत. बरणी खिडकीत ठेवली की काही दिवसांनी त्यातले बहुतेक देठ उजेडाच्या बाजूला जमत. त्याने बरणी फिरवून ठेवली, तर ते पुन्हा सरकून उजेडाकडे आले. मग ही वनस्पती की प्राणी? त्रांब्लेने एक सरळ कसोटी ठरवली. झाडाची फांदी तोडून लावली तर जगते. प्राण्याचे दोन तुकडे केले तर तो मरतो. नोव्हेंबर १७४० मध्ये त्याने एका देठाचे आडवे दोन तुकडे केले. काही दिवसांत दोन्ही तुकडे पूर्ण झाले. खालच्या तुकड्याला नवे धागे फुटले.

कसोटीप्रमाणे ही वनस्पती ठरायला हवी होती. पण त्रांब्ले तिथे थांबला नाही. त्याने पाहिले की हे देठ पाण्यातले किडे पकडतात, गिळतात व पचवतात. तो हायड्रा होता. म्हणजे प्राणी होता आणि कसोटीच चुकीची होती. तुकड्यातून पूर्ण प्राणी पुन्हा तयार होऊ शकतो हे त्या प्रयोगांमुळे प्रथमच नीट सिद्ध झाले. १७४४ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. घरच्या शिकवणीतल्या एका बरणीतून हे सारे निघाले, ही गोष्ट शिक्षकांनी तरी विसरू नये.

प्रीस्टलीचा हिरवा पदार्थ

जोसेफ प्रीस्टलीचा पुदिन्याचा प्रयोग आपण सगळेच शिकवतो. मेणबत्ती विझवणारी बंद हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा 'चांगली' केली, तो १७७१ सालचा प्रयोग. त्याच प्रीस्टलीला पुढे काही वर्षांनी एक अडचण आली. पाण्याने भरून उन्हात ठेवलेल्या काचेच्या भांड्यांच्या तळाशी व बाजूंना हिरवा थर धरू लागला आणि त्यातून शुद्ध प्राणवायूचे बुडबुडे येऊ लागले. भांड्यात रोप तर कुठलेच नव्हते. मग वायू सोडतो कोण? १७७९ साली त्याने लिहिले तेव्हा या हिरव्या पदार्थाला तो ना वनस्पती म्हणायला तयार होता, ना प्राणी.

त्याच वर्षी यान इंगेनहाउझ या डच वैद्याने वनस्पतींवरच्या शेकडो प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्याने दाखवले की हवा शुद्ध करण्याचे काम वनस्पतींचे फक्त हिरवे भाग करतात, आणि तेही फक्त उजेडात. अंधारात मात्र त्या प्राण्यांसारखीच हवा बिघडवतात. प्रीस्टलीनेही पुढे आपला हिरवा पदार्थ म्हणजे सूक्ष्म वनस्पती होय, हे मान्य केले. आज आपण तिला शैवाल म्हणतो.

आमच्या काचेवरचा थर हा त्याच हिरव्या पदार्थाचा भाऊबंद. सकाळी ऊन पडले की त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरत. मुलांनी टाकीची एक बाजू काळ्या कागदाने झाकली. तिथे बुडबुडे आले नाहीत, आणि आठवड्याभरात थरही विरळ झाला.

गोगलगाई कशासाठी?

मासे, वनस्पती आणि पाणी यांचा मेळ काचेच्या टाकीत जाणीवपूर्वक घालण्याचे श्रेय बहुधा रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाला दिले जाते. पाणी न बदलता मासे जगवता येतील का, हे त्याला पाहायचे होते. त्याने टाकीत दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया लावली. हिशेब सोपा होता. माशांचा कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेणार आणि वनस्पतींचा प्राणवायू मासे घेणार.

काही दिवसांत हिशेब फिसकटला. व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर आला. म्हणजे आमच्यासारखीच गत. वॉरिंग्टनने टाकी ओतून दिली नाही. निसर्गातल्या डबक्यात कुजलेली पाने कोण साफ करते, हे त्याने पाहिले आणि तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेला पाला व थर खाल्ला, पाणी निवळले, वर त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. १८५० साली त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडले. खाणारा, पिकवणारा आणि सफाई करणारा अशा तीन घटकांची साखळी पूर्ण झाल्याशिवाय टाकी टिकत नाही, हा त्याचा धडा. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले.

साखळीत एखादी गोष्ट कमी असली तरी बिघाड होतो आणि जास्त झाली तरी होतो. चौकशी केली तेव्हा कळले, सुट्टीत मासे उपाशी राहतील म्हणून एका मुलाने निघताना पंधरा दिवसांचे खाद्य एकदमच टाकले होते. माशांनी खाऊन उरलेले कुजले आणि त्यातला फॉस्फरस व नायट्रोजन पाण्यात उतरला. याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो ते कॅनडातल्या एका तळ्यात १९७३ साली दिसले. डेव्हिड शिंडलर व सहकाऱ्यांनी तळ्याच्या मधोमध पडदा घालून दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरस मिळालेला भाग शैवालांनी हिरवागार झाला आणि दुसरा स्वच्छ राहिला. चिमूटभर खाद्याची गोष्ट तळ्याएवढी होते ती अशी.

पिवळ्या पानांचा पंचनामा

खाद्य जास्त झाले होते, तर मग पाने पिवळी का पडली? इथे पान जुने की नवे, हे आधी पाहावे लागते. नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे घटक वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देऊ शकते. त्यांचा तुटवडा असेल तर जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह मात्र असे सहज हलवता येत नाही. त्याची कमतरता कोवळ्या पानांत दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट होतो. आमच्या व्हॅलिस्नेरियाची नेमकी हीच लक्षणे होती.

हे निदान करण्याची वाट फ्रान्सच्या युसेब ग्री याने दाखवली. १८४० नंतरच्या काही वर्षांत त्याने पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाच्या क्षाराचे पाणी दिले, तेव्हा ती पुन्हा हिरवी झाली. जिथे हे पाणी पानावर लावले, तिथेही हिरवा रंग परतला. त्याच सुमारास जर्मनीत लीबिगने एक तत्त्व लोकप्रिय केले, जे श्प्रेंगेलने त्याच्याआधीच मांडले होते. वाढ ठरते ती मुबलक असलेल्या घटकावर नव्हे, तर सर्वांत अपुऱ्या असलेल्या घटकावर. आमच्या टाकीत नायट्रोजन-फॉस्फरसची चंगळ होती, पण लोहाची वानवा होती. वनस्पती अडून बसली आणि उरलेले अन्न शैवालांच्या पदरात पडले.

लोह गेले कुठे? वर्धा जिल्हा बसाल्टच्या काळ्या खडकावर वसला आहे. इथल्या बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते आणि ते अल्कधर्मी असते. अशा पाण्यात लोह विरघळून राहत नाही, गंजासारखे खाली बसते. त्यातच आम्ही वाळू स्वच्छ धुऊन घातली होती. मुळांना मातीचा कणही मिळाला नव्हता. उपाय स्वस्त होता. मातीच्या छोट्या कुंडीत गावतळ्याचा गाळ घातला, त्यात व्हॅलिस्नेरिया लावली, वर दोन बोटे वाळू पसरली. गाळात प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथले लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहते. तीन आठवड्यांनी आलेली पाने हिरवी होती.

हायड्रिला मात्र या सगळ्यात टिकून होती. तिच्या पानांवर पांढरट खर धरली होती. व्हिनेगरचा थेंब टाकला तर ती फसफसली, म्हणजे तो चुनखडीचा थर होता. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड संपला की हायड्रिला बायकार्बोनेट वापरते आणि मग चुना पानावर बसतो. याच वनस्पतीवर जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात काम केले. तिच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे यंत्र त्यांनी बनवले. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळी वागते, तिच्यात मॅलिक आम्ल असते, असे त्यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. या निरीक्षणाचा अर्थ विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडला. ऊन कडक आणि कार्बन डायऑक्साइड अपुरा असेल तेव्हा हायड्रिला ऊस-ज्वारीसारख्या वेगळ्या रासायनिक वाटेने कार्बन पकडू लागते. दहावीच्या प्रयोगात नरसाळ्याखाली आपण जी वनस्पती ठेवतो, ती अशी मुरलेली आहे.

काळ्या केसांची परीक्षाही झाली. एक झुपका परीक्षानळीत स्पिरिटमध्ये बुडवून रात्रभर ठेवला. स्पिरिट ज्वालाग्राही असते, तेव्हा जवळपास दिवा नको. सकाळी स्पिरिट हिरवट झाले होते आणि केस तांबूस दिसत होते. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये उतरते, पण पाण्यात विरघळणारे लाल रंगद्रव्य मागे राहते. म्हणजे काळे दिसणारे ते शैवाल लाल शैवालांच्या गटातले होते. समुद्रात भरपूर आढळणाऱ्या या गटाचे थोडेच सदस्य गोड्या पाण्यात राहतात. मुलांना हे फार आवडले. त्यांनी केस असलेली पाने कापली, खाद्य कमी केले आणि टाकी खिडकीपासून दूर सरकवली.

मुंबईच्या तळ्यांतला डॉक्टर

राहिली ती बाभळीची फांदी. तिच्यावरच्या खडबडीत थराचे उत्तर आम्हाला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुंबईत सापडले.

हेन्री जॉन कार्टर हा मुंबई इलाख्याच्या लष्करी सेवेतला इंग्रज शल्यवैद्य. १८४० च्या दशकात तो मुंबईला आला. त्या काळी मुंबई बेटावर पुष्कळ तलाव होते. त्यांतल्या दगडांवर व बुडालेल्या काड्यांवर वाढणारे असेच थर कार्टरने गोळा केले. हे गोड्या पाण्यातले स्पंज होते. स्पंज कुणाच्या घरचे, हा वाद तोवर जुना झाला होता. लिनियसने १७५९ साली त्यांची नोंद वनस्पतींच्या खंडात केली होती. रॉबर्ट ग्रँटने १८२५ च्या सुमारास स्पंजाच्या मोठ्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह सतत बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि हा प्राणी असल्याचे सांगितले. तरी शंका उरलीच होती. गोड्या पाण्यातले काही स्पंज तर चक्क हिरवे असतात.

कार्टरने १८४८ साली मुंबईच्या तलावांतल्या स्पंजांच्या जाती, रचना व प्राणित्व यांवर लेख प्रसिद्ध केला आणि १८४९ साली आणखी सविस्तर वर्णन दिले. त्याने तेव्हा नाव दिलेला स्पंजिला आल्बा आजही त्याच नावाने ओळखला जातो. स्पंजात बारीक गोल, बियांसारख्या गोळ्या असतात. त्यांना जेम्यूल म्हणतात. कार्टरने त्या काचेच्या भांड्यात पाण्यात ठेवल्या आणि त्यांतून कोवळा स्पंज बाहेर पडताना पाहिला. आतल्या पेशी हलतात, आकार बदलतात, अन्नाचे कण गिळतात, हेही पाहिले. बी दिसले म्हणून वनस्पती ठरत नाही आणि हिरवा रंग असला म्हणूनही नाही. हिरव्या रंगाचे कोडे १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाच्या कामाने सुटले. तो रंग प्राण्याच्या शरीरात वस्ती करणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा असतो. त्रांब्लेला चकवणारा हिरवा हायड्राही तसाच.

१८६३ साली बोवरबँकने भारतातल्या एका स्पंजाला कार्टरचे नाव दिले. उग्र वासाचा हा स्पंज भारतभर तळ्यांत आढळतो. १९११ साली नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी भारतातल्या गोड्या पाण्यातले स्पंज व हायड्रासारखे प्राणी यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा कार्टरची मुंबईतली कामगिरी त्याच्या पायाशी होती.

अ‍ॅनंडेल यांच्या नावाशी आणखी एक मराठी माणूस जोडलेला आहे. मालवणला १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. सातारा जिल्ह्यातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत त्यांना १९११-१२ च्या सुमारास छोटी जेलीफिश सापडली. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, असेच सगळे धरून चालत. गोड्या पाण्यातला तिचा हा प्रकार तोवर आफ्रिकेतल्या सरोवरांमुळे माहीत होता. अ‍ॅनंडेल यांनी तिचे वर्णन करून लिम्नोक्नायडा इंडिका हे नाव दिले. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेली, आणि १९९२ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाणारी संशोधन संस्था त्यांनीच उभी केली. पण तो शोध लागला तेव्हा ते एक शिक्षक होते आणि नदी साधी गावाजवळची होती.

आमची फांदी

आम्ही ग्रँटचीच युक्ती वापरली. फांदी पाण्याने भरलेल्या पसरट काचपात्रात ठेवली आणि थराच्या अगदी जवळ खाण्याच्या लाल रंगाचा पातळ थेंब ड्रॉपरने सोडला. भिंगातून पाहिले. थोड्या वेळाने एका मोठ्या छिद्रातून तांबूस धार वर उठली. कोणीही ढवळत नव्हते. वर्ग एकदम शांत झाला. मग वाळलेल्या कडेचा कण काचपट्टीवर चुरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा दोन्ही टोकांना निमुळत्या अशा सिलिकाच्या पारदर्शक सुया दिसल्या. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिने वहीत लिहिले, 'झाड नाही. प्राणी आहे. पाणी ओढतो आणि सोडतो.' खाली तारीख टाकली.

ज्यांना टाकी ठेवायची आहे त्यांना आमच्या अनुभवातून एवढेच सांगतो. नवे काही उगवले की आधी तारीख, जागा, रंग, वास लिहा व चित्र काढा. पिवळे पान जुने की नवे ते पाहा. काळ्या केसांना स्पिरिट, पांढऱ्या खरीला व्हिनेगर, राखाडी थराला रंगाचा थेंब. बोटाने ओढल्यावर निळसर-हिरवा बुळबुळीत पापुद्रा अख्खा सुटून आला आणि मातकट वास आला तर ते नील-हरित जीवाणू आहेत. एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. चुना आणि ब्लीचिंग पावडर सर्वांत शेवटी.

फेब्रुवारीनंतर ऊन वाढले तसा स्पंज झिजत गेला. एप्रिलमध्ये फांदीवर त्याचा सांगाडा आणि त्यात मोहरीहून बारीक पिवळट दाणे तेवढे उरले. वर्ध्याच्या तळ्यांत उन्हाळ्यात हेच होते. पाणी आटते, स्पंज मरतो, जेम्यूल उन्हात पडून राहतात. आम्ही फांदी वाळवून कागदात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. मे महिना तिने तिथेच काढला.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली. मुलांनी फांदी पुन्हा पाण्यात ठेवली आणि रोज भिंग घेऊन पाळी लावली. आठवडाभर काही दिसले नाही. मामाही येता-जाता डोकावत होते. दहाव्या दिवशी दाण्यांभोवती दुधासारखी पांढुरकी कड दिसू लागली. टाकी घासून देतो म्हणणाऱ्या मामांनीच ती आधी पाहिली आणि वर्गाला हाक मारली.